परसातल्या जीपचा निकाल कसा लावावा

घोटी परिसरात ज्यांच्या परसात, भातगिरणीमागे किंवा गोठ्याच्या आडोशाला हूड फाटलेली जीप उभी आहे, त्यांनी हे मार्गदर्शन मृग लागायच्या आत वाचावं. नंतर निर्णय पाऊस घेतो. उघड्या टपाच्या विलायती मोटारींची चिंता मुंबईच्या शेठ लोकांनी करावी. आपल्याकडे डोक्यावरचं छप्पर काढता येणारी गाडी म्हणजे जीपच.

पाहणीला एकट्यानं जावं. सोबत थोरले काका असले की गाडी 'लढाईतली' होते. देवळालीची छावणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या पट्ट्यातली एकूण एक जीप रोमेलशी दोन हात करून आलेली असते. काकांशी वाद घालू नये. गुपचूप समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजाव्यात. नऊ भरल्या तर १९४१ ते १९४५ दरम्यान विलीज किंवा फोर्डनं बनवलेली लष्करी जीप असण्याचा संभव आहे. सात भरल्या, मागे खाली पडणारं फळकंही असलं, तर ती लढाई संपल्यावर जन्मलेली. बॉनेट कपाळावर आल्यासारखं उंच असेल तर सीजे-३बी समजावी: १९५३ साली विलीजला नवं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून त्यांनी बॉनेटच वर उचललं, आणि महिंद्रनं ते पुढे कित्येक दशकं तसंच ठेवलं. मोजणीचा आकडा काकांना सांगू नये. घरात शांतता राहते आणि गाडीची किंमतही.

आता गंज. इगतपुरी-घोटीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा गंज आहे का हा प्रश्नच गैरलागू. गंज कुठपर्यंत पोचलाय, एवढंच पाहायचं. पायाखालचा पत्रा गेलेला असणारच. त्या भोकातून गवत वर आलं असेल तर ते उपटू नये, बहुधा तोच भाग सगळ्यात मजबूत असतो. मडगार्डवर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं. चिकटलं तर लोखंड. घसरून पडलं तर तिथे मागच्या रंगकामाच्या वेळची पुट्टी आहे. पुट्टीचा थर बोटभर जाड निघाला तर तिला मूर्तिकाम म्हणावं.

पत्र्यावरून मात्र रडू नये. पत्रा मिळतो. हरियाणा-पंजाबच्या सीमेवर मंडी डबवाली नावाचं गाव आहे, तिथे जीप नव्यानं बांधून देण्याचा धंदाच चालतो. इंजिन जाम असलं तरी घाबरायचं कारण नाही. प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठवडाभर वाट पाहावी, मग हँडलला हळू हिसका द्यावा. हँडल उलटं फिरून मनगटावर आलं तर इंजिन जिवंत आहे, हे शुभवर्तमान दवाखान्यातून घरी कळवावं.

खरी परीक्षा चासीची. चिखल, शेण आणि आवणीच्या दिवसांतली माती चासीच्या पोकळीत जाऊन बसते, ओल धरते, आणि लोखंड आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून हातोडी घेऊन लांब पट्ट्यांवर, मागच्या आडव्या पट्ट्यावर आणि स्प्रिंगा जिथे टांगतात तिथे ठोकत जावं. टणटण वाजलं तर पुढे जा. थप् आवाज आला तर पेचकस टोचून पाहावा. तो मुठीपर्यंत आत गेला तर भंगारवाल्याला फोन करावा. कारण पत्रा डबवालीचा चालतो, इंजिनही दुसऱ्या जीपचं बसतं, पण नंबर ठोकलेली चासी एकच असते. सगळं बदलल्यावर जुनं काय उरलं, असं कोणी खवचटपणे विचारलं तर त्या नंबराकडे बोट दाखवावं.

चासीनंतर कागद, आणि इथे गंज जास्त खोल असतो. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा फोटोत, आणि वारस पाच गावांत. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. भावांच्या सह्या लागतात. सह्यांसाठी आधी बोलणं सुरू व्हावं लागतं. जीप बनवणाऱ्या महिंद्र कंपनीचाच इतिहास पाहा. १९४५ साली ती महिंद्र अँड मोहम्मद म्हणून निघाली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पाटीवरचं नाव बदललं आणि जीप चालत राहिली. आपल्याकडे नेमकं उलटं: भागीदार सगळे जागेवर, जीप तेवढी बंद.

हे सगळं जमलं तर 'व्हिंटेज' नोंदणीचा मोह होतो. २०२१ पासून नियम आहे: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, २०,००० रुपये शुल्क, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट एवढीच की चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. इथे घोटीकरानं खाली बसावं. कारण पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवून घेण्याचं शहाणपण आपल्या वडिलांनी कधीच केलेलं असतं, आणि त्या शहाणपणाचं त्यांना आजही कौतुक आहे. इंजिन मूळचंच निघालं, तरी अशी गाडी रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं यांसाठीच बाहेर काढायची. जुन्या पेट्रोल इंजिनाची तहान पाहता शेवटच्या सवलतीत बराच फिरून होतं म्हणा.

राहिला हूड. तो शिवून घ्यायचा की जीप उघडीच ठेवायची? जून ते सप्टेंबर उघडण्याचा प्रश्न नाही. जानेवारीत कळसूबाईकडून येणारा वारा कानात घुसतो, एप्रिलमध्ये ऊन टाळूत. म्हणजे उघड्या जीपमधून मिरवण्याचा हंगाम दसरा ते दिवाळीच्या आगेमागे, आणि तेव्हाच भात कापून खळ्यावर आलेलं असतं. घरचे लोक रंगवलेल्या जीपकडे पाहतात, मग पोत्यांकडे. पोती वाहणं हे प्रदर्शनात मोडतं का, हे आरटीओत जरूर विचारून यावं. जाताना एसटीनं जावं; जीपनं तो प्रवास नियमात बसत नाही.