वानेरा, बालंक्या आणि सेल्फी पॉइंट

पर्यटन विकासाची आपली रीत ठरलेली आहे: आधी कमान, मग पेव्हर ब्लॉक, मग ‘आय लव्ह’ लिहिलेली लाल अक्षरं. पाहायचं काय, हे नंतर ठरतं.

देवणीकडे ते आधीपासून आहे. तालुक्याच्या नावाचा गोवंश देशभर ओळखला जातो. त्याचे तीन प्रकार: पांढऱ्याशुभ्र अंगाचा, तोंडाच्या कडा काळ्या असलेला वानेरा, पोटाखाली काळे ठिपके मिरवणारा बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग फासलेला शेवरा. गाय दूध देते, बैल औत ओढतो. असा वारसा परदेशात असता, तर गोठ्यात राहायचे पैसे घेतले असते आणि शेण काढायचे वेगळे! इथे पाहुण्याला गोठा दाखवायचीच लाज वाटते. त्याला हॉटेलातलं पनीर दाखवतात.

शेजारी उदगीर. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला नमवलं. वर्षभरात पानिपत झालं आणि हरलेली लढाई जिंकलेलीपेक्षा जास्त गाजली. किल्ल्याच्या भिंतीवर इतिहास संपून बदाम आणि बाण सुरू होतात. हत्तीबेटाच्या टेकडीवर झाडी वाढते, सोबत वेफर्सच्या पुड्याही.

म्हणून सुरुवात कमानीपासून नको. गावातल्या चार पोरांना माहिती सांगायला शिकवा, घरच्या भाकरी-पिठल्याचे रोख पैसे बाईच्या हातात द्या, आणि कचऱ्याची पिशवी पाहुण्यालाच परत न्यायला लावा. एवढ्याला भूमिपूजन लागत नाही. त्यामुळेच बहुधा हे कुणी करत नाही.