झाले आहे, पण कधी?

मराठी माणसाला प्रेझेंट परफेक्ट टेन्स जमत नाही, अशी आवई स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांनी उठवली आहे. तीन महिन्यांच्या कोर्सपैकी निम्मा काळ हॅव आणि हॅज यांतच खर्ची पडतो. उरलेल्या काळात आमचे सर आपल्या परदेशवारीबद्दल सांगत, तेही 'आय हॅव गॉन टू सिंगापूर' असे. 'हॅव बीन' म्हटले असते तर जाऊन परतले असा अर्थ झाला असता. 'गॉन' म्हटल्यावर सर अजून सिंगापुरातच असायला हवेत. पण फीची पावती मात्र ते इथेच फाडत होते.

नियम तसा सोपा. काम पूर्ण झालेले हवे, त्याचा आजशी काही संबंध हवा आणि ते नेमके कधी झाले हे सांगायचे नाही. 'आय हॅव सीन हिम' बरोबर. त्याला 'यस्टर्डे' जोडले की मार्क गेले. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले एक काका इथेच अडले.

"सर, मी त्याला काल पाहिलंय, हे मराठीत चालतं की!"

"काका, मराठीत सगळं चालतं."

"पण पाहिलं, तर कधी ते सांगायला काय हरकत? लपवायचंय काय त्यात?"

सरांनी फळा पुसायला घेतला. काका निघाले होते त्या अमेरिकेत 'डिड यू ईट यट?' असे बिनदिक्कत विचारतात आणि 'हॅव यू ईटन?'चा आग्रह मुख्यतः इंग्लंडचा, हे सरांनी सांगितले असते तर काकांची उरलेली फी वाचली असती. बहुधा म्हणूनच सांगितले नसावे.

राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आले. त्या वर्षी पाटी घेऊन बसलेली पोरे आता तिशी ओलांडून गेली आणि बायोडेटात 'आय हॅव पास्ड आउट इन 2015' असे ठोकून देतात. सालासकट. व्याकरणाने चूक, पण माणसे प्रामाणिक. कधी पास झालो ते सांगून मोकळी होतात.

या काळावर खरी हुकमत पाहायची असेल तर क्लासला नको, मंत्रालयात जा. 'प्रकरणाची गंभीर दखल घेण्यात आली आहे.' 'संबंधितांना निर्देश देण्यात आले आहेत.' 'चौकशी समिती नेमण्यात आली आहे.' कोणी घेतली, कधी दिले, समितीत कोण, याचा मागमूस नाही. वेळ सांगायची नाही हा इंग्रजांचा नियम आमच्या कक्ष अधिकाऱ्याने इंग्रजांपेक्षा काटेकोर पाळला आणि वर कर्ताही गाळून दाखवला.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला. तेव्हापासून गणपती जवळ आले की काम 'अंतिम टप्प्यात आले आहे' असे ऐकू येते आणि चाकरमानी त्याच टप्प्यातल्या खड्ड्यांतून गावी पोहोचतो. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन पंतप्रधानांच्या हस्ते 24 डिसेंबर 2016 रोजी झाले. तारीख आहे, फोटो आहेत, म्हणजे हा चक्क सिंपल पास्ट. परफेक्ट म्हणवून घ्यायला आज काही दिसावे लागते. गिरगाव चौपाटीवर उभे राहून समुद्राकडे पाहा आणि तुम्हीच मार्क द्या.

काकांचा प्रश्न मात्र फळ्याबरोबर पुसून टाकण्यासारखा नव्हता. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तोच प्रश्न सरकारला विचारता येतो. साध्या कागदावर अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा आणि विचारायचे: कारवाई कोणत्या तारखेला केली, कोणी केली, आदेशाची प्रत द्या. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो. 'कधी' विचारायला तेवढे पुष्कळ झाले. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.

'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे' एवढेच उत्तर आले तर हुरळून जाऊ नका. तारीख मिळाली नसेल तर 30 दिवसांच्या आत पहिले अपील करा. त्याला वीस रुपये लागतात.