रविवारचा सांगोला

माणदेशात कुणालाही छंद नाही. छंद पुण्यात असतात, तिथे त्यांचे वर्ग भरतात आणि प्रमाणपत्रंही मिळतात. इकडे माणूस जे काही करतो ते निव्वळ गरजेपोटी. माझ्या मामाच्या आळीत एकाने माळ्यावर कबुतरं पाळली आहेत. त्यांची विष्ठा डाळिंबाला खत म्हणून मानवते, असं तो सांगतो. त्याच्याकडे डाळिंब नाही. पलीकडच्या घरी दोन कारवानी कुत्री आहेत. ती दुधात कुस्करलेली भाकरी खातात आणि दिवसभर सावलीत लांब पडून असतात. कशाला पाळली, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : "रानडुकरं येत्यात वो." त्या शिवारात रानडुक्कर कुणी पाहिलेलं नाही. ते या कुत्र्यांमुळेच, असं मालकाचं म्हणणं.

मामीला गाय घ्यायची होती. ही मात्र खरोखरची गरज, म्हणून तिच्यावर आठवडाभर चर्चा झाली. पैसे बचत गटाच्या कर्जाचे. या भागातल्या बायकांना कर्ज नवीन नाही. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिचा परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला होता, कारण बऱ्याच सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, लिहिता येत नसलं तरी व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे साहेब मोजायला बसवा. परवाना मिळाला. माझी मामी त्याच मुलखातली. मामा मात्र हिशेबासाठी निवृत्त गुरुजींना बोलावतो.

गुरुजींनी दूध डेअरीच्या पावतीच्या पाठीमागे मांडणी केली. वीस लिटर दूध, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, त्यावर दर. फायदा आला. मग त्यात पेंड, भुसा, कडबा आणि डॉक्टर धरल्यावर तोटा आला. गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मजुरीचा रकाना खोडला. "घरच्या मानसाची मजुरी धरायची नसती." फायदा परत आला.

"घरचं मानूस म्हंजी मीच की," मामी आतून म्हणाली. तो मुद्दा चर्चेत घेतला गेला नाही.

रविवारी पहाटे पिकअप निघाली. मामी आणि गुरुजी पुढे ड्रायव्हरजवळ. मागे हौद्यात मामा, मी, दाजी आणि तात्या. दाजी दातांचे जाणकार : जनावराचा ओठ वर करून वय सांगतात. तात्या गोमेचे आणि भोवऱ्याचे. अंगावर केस कुठे वळलेत, त्यावरून ते जनावर मालकाला तारणार की बुडवणार, हे त्यांना समजतं. दोघांच्याही गोठ्यात सध्या काही नाही.

दिघंचीवरून महूदकडे जाताना दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा लागतात. याच पट्ट्यात दुष्काळात चारा छावण्या पडायच्या आणि माणसं जनावरांबरोबर तिथेच मुक्काम करायची. आता टेंभूच्या योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून बऱ्याच गावांना आलंय, ठिबक आलंय आणि डाळिंबाच्या पैशांचे बंगले उभे राहिलेत. एका बंगल्याच्या गच्चीवर सिमेंटचा भलामोठा बैल होता, शिंगांना सोनेरी रंग दिलेला. मी हौद्यातूनच ओरडून दाजींना विचारलं, हा कशाला?

"पान्याची टाकी हाय त्यात."

"मग टाकी तशीच ठेवायची."

"ऊन लागतंय की टाकीला," दाजी म्हणाले, आणि मला पुण्यात नेऊन फार शिकवल्याबद्दल मामाकडे बघितलं.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार एका नजरेत मावत नाही. एकीकडे पंढरपुरी म्हशी, शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली. दोघी शेजारी बांधायच्या तर मधे तिसरीची जागा सोडावी लागते. एकीकडे काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या. मग माडग्याळचे मेंढे, पोपटासारखं बाकदार नाक वर करून उभे, आणि त्यांच्यापाशी मोटारसायकल विकून आलेले तरुण. मेंढा कशाला, तर वंश सुधारायला. या सगळ्यातून वाट काढत, लेंड्या आणि भज्यांच्या मिश्र वासातून, गायींच्या रांगेकडे जायचं होतं. गायींची रांग डाव्या हाताला होती. मामा उजवीकडे वळला.

उजवीकडे खिलार होते. पांढरे, अंगात भरलेले, वशिंड ताठ, शिंगांना हिंगूळ लावलेला. लांबून आवाज जरी चढला तरी त्यांचे कान आधी फिरतात आणि मग सगळं जनावर. एका काजळी खोंडापाशी मामाचे पाय थांबले. दाजींनी पुढे होऊन खोंडाचा ओठ उचलला. गोवंशाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. जे काही वाचायचं ते खालच्या आठांत. दुधाचे दात पडून पक्क्यांची पहिली जोडी आली की दोन दाती, मग चार, मग सहा, आणि आठ झाले की जुळला. "अदात हाय," दाजींनी निकाल दिला. अदात म्हणजे पक्का दात एकही न आलेला. तात्या पाठीवरून, मानेवरून हात फिरवत खोंडाभोवती एक प्रदक्षिणा करून आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "खोट न्हाय." इतकं वाईट वाटलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अदात खोंडाला आता वेगळा भाव असतो. शर्यतींत त्यांचा निराळा गट असतो. खोंडाचा मालक तरणा होता, पण न्यायालयाच्या तारखा त्याला तोंडपाठ. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०१७ साली राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ला अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. "बंदी व्हती तवा ह्याच्या बापाला कुनी इचारत नव्हतं," तो खोंडाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "आता बक्षिसाला ट्रॅक्टर लावत्यात." ज्या ट्रॅक्टरने बैलाला औतातून काढलं, तोच ट्रॅक्टर जिंकायला बैल पळवायचा, यात कुणालाही गंमत वाटली नाही. मामाने तर मान डोलावली. म्हणजे हा व्यवहारच होता.

मग रुमाल निघाला. मामाचा आणि दलालाचा हात त्याखाली गेला, आणि तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलू लागले. बोटं काय बोलत होती ते त्या दोघांनाच ठाऊक. एखादं बोट दाबलं गेलं की मामाची भुवई हलायची. हात झटकला गेला की दलाल आभाळाकडे बघायचा. मधे चहा आला. रुमाल न काढता डाव्या हाताने प्यायला गेला. बघे जमले. एक जण मामाच्या बाजूने बोलू लागला, दुसरा मालकाच्या. ते दोघं एकमेकांना ओळखत नव्हते आणि खोंड त्यांपैकी कुणालाच नको होता. ऊन चढलं. अखेर पाच हजारांवर अडलं. मामाने रुमाल काढून घेतला, घडी केली आणि खांद्यावर टाकला.

"चला," तो म्हणाला. त्याचा चेहरा तृप्त होता.

"मामा, पाच हजारांसाठी सोडला?"

"घ्यायचाच कुठं व्हता? ट्रॅक्टर आल्यापास्नं गोठ्यात बैल न्हाय आपल्या."

"मग एवढा वेळ?"

"भाव कळाय नको व्हय?"

नंतर कळलं की मामा दर पंधरा दिवसांनी भाव कळून घ्यायला येतो. आटपाडीचा, खरसुंडीचा, सांगोल्याचा, सगळीकडचा भाव त्याला माहीत असतो. या माहितीचा उपयोग काय, हे विचारायचं मी टाळलं, कारण त्यालाही उत्तर असणार होतं. माझं प्रामाणिक मत असं, की पैसा न खर्चता इतका आनंद देणारं दुसरं काही मी शहरात पाहिलेलं नाही. आमच्याकडे छंद म्हटला की आधी सामान घ्यावं लागतं.

एवढ्यात गुरुजींना आठवलं की मामी कुठे दिसत नाही.

मामी गायींच्या रांगेत उकिडवी बसून दूध काढत होती. पांढरी-काळी संकरित एचएफ, दुसऱ्या वेताची. चारही सडांतून धार बघून झाली होती. कास दाबून, लाथ मारते का ते बघून झालं होतं. आता मामीने समोर वाळल्या कडब्याची पेंढी टाकली.

"वैरण कशापायी?" मामाने विचारलं.

"हिरवं काय कुनी बी खातं. उन्हाळ्यात काय खाती ते बघाय पायजे."

गाय कडबा खाऊ लागली. मामीने रुमाल मागितला नाही. भाव मोठ्याने केला, आजूबाजूच्या चार मालकांना ऐकू जाईल असा. दोघांनी आपली गाय कमीत द्यायची तयारी दाखवली, तिसरा तिचा हात धरून ओढू लागला, आणि त्या गडबडीत एचएफचा मालक सात हजारांनी खाली आला. दाजींना ओठ उचलायलाही वेळ मिळाला नाही. तात्यांनी गोम शोधायचा प्रयत्न केला, पण ठिपक्या-ठिगळांत त्यांची नजर ठरेना. शेवटी त्यांनी जाहीर केलं की जात मूळची हॉलंडकडची असल्यामुळे आपलं शास्त्र तिला लागू होत नाही.

कानातल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर उतरवून बाजाराची पावती झाली. मामी जिंकली होती. आता गाय गाडीत चढवायची आणि घरी जायचं. पण वाटेत सामानाची दुकानं होती : कासरे, म्होरक्या, लोकरी गोंडे, पितळी शेंब्या, घुंगुरमाळा, आरशांच्या झुली. मामी एका दुकानापाशी थांबली. आम्ही पुढे जाऊन परत आलो, तरी ती तिथेच होती.

तिने घुंगुरमाळ घेतली. लाल-हिरवे गोंडे घेतले. मग झूल उलगडून पाहिली. मामाला राहवलं नाही. "आगं, झूल वशिंडावर ठरती. हिला वशिंड कुठं हाय?"

"नाडीनं बांधीन."

"आन् शेंब्या कुठं घालनार? शिंगं लहानपनीच डागल्यात तिची."

मामीने शेंब्या परत ठेवल्या. मामाच्या शब्दाला मान दिलेला तेवढाच. बाकीचं सगळं घेतलं, भाव न करता. मामीला भाव न करता काही घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मामाने तर दुकानाच्या खांबाला हात टेकला.

"घुंगराचा काय उपेग?" गुरुजींनी धीर करून विचारलं. त्यांच्या पावतीवर या खर्चाला रकाना नव्हता.

"रातीला गाय सुटली तर कळाय नको व्हय?" मामी म्हणाली, अगदी मामाच्याच सुरात.

परतीला गाय मधे आणि आम्ही चौघं हौद्याच्या कडांना चिकटून. महूदच्या पुढे प्रत्येक खड्ड्याला घुंगरं वाजत होती आणि रस्त्याच्या कडेची माणसं शर्यतीचा खोंड आला समजून उठून बघत होती. एचएफ दिसल्यावर खाली बसत होती.

मंगळवारी गटाच्या बायका कर्जाची गाय बघायला आल्या. गाय झूल घालून उभी होती. झूल एका बाजूला घसरली होती. सचिव बाईंनी वही उघडली, पावत्या लावल्या आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्ये औषधपानी लई झालं की. आजारी हाय काय गाय?"

"न्हाय," मामी म्हणाली. "पडू नये म्हनून."

सचिव बाईंनी गायीकडे बघितलं. गोंड्यांकडे बघितलं. झुलीचे आरसे बोटांनी चाचपले. मग वहीवर सही केली, पेन पदराला पुसलं आणि आवाज जरा खाली आणून विचारलं,

"आमच्या म्हशीला बी द्यायचं म्हंते. कुठल्या दुकानात मिळतं हे औषध?"