सी-व्ह्यू, न्याहारीसह

अलिबागचे मध्यम दराचे हॉटेल पोहण्याच्या तलावावरून ओळखावे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तलाव कशाला, हे तिथे कोणी विचारत नाही. ‘घरगुती राहण्या-जेवण्याची सोय’ असते तिथे तलावाऐवजी विहीर असते. बड्या रिसॉर्टच्या तलावात कोणी उतरत नाही. मध्यम हॉटेलच्या तलावात मात्र शनिवारी दुपारी पाण्यापेक्षा माणसे जास्त असतात आणि ‘नायलॉनचे कपडे सक्तीचे’ ही पाटी सुती बनियनवर उभे राहून वाचली जाते.

मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबाग गाठण्याची रीत जुनी आहे. विजेच्या ट्राममुळे नोंदी बिघडतील म्हणून मुंबईच्या कुलाब्यातली चुंबकीय वेधशाळा 1904 साली इथे आली. आलेल्या मुंबईकरांत अजून चेक-आउट न केलेली ती एकटीच. बाकीचे गेटवेहून कॅटामरानने तासाभरात मांडव्याला उतरतात, किंवा भाऊच्या धक्क्यावर रो-रोत गाडी चढवतात, आणि खोली मिळण्याच्या बरेच आधी काउंटरसमोर हजर होतात. खोली तयार नसते. ती तयार होईतो कोकम सरबत देतात आणि घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे मागतात. ती नेमकी तळाच्या बॅगेत असतात.

सी-व्ह्यू खोलीचे भाडे जास्त. गॅलरीच्या डाव्या टोकाला जाऊन कठड्यावर जरासे झुकले की पाण्याची टाकी आणि सुरूचे झाड यांच्या फटीतून जी निळी पट्टी दिसते, तिचे हे पैसे. ओहोटीला ती पट्टी करडी होते, भाडे तेवढेच राहते. खोली दोघांच्या नावावर असते आणि झोपायला पाच जण असतात. एक्स्ट्रा बेड म्हणून येते ती गादी; ती अंथरली की बाथरूमचे दार अर्धेच उघडते. किटलीशेजारच्या दूध पावडरच्या पुड्या चहात न पडता थेट पर्समध्ये जातात.

या मुक्कामाचा गाभा म्हणजे भाड्यात धरलेली न्याहारी. वेळ आठ ते दहा. घरी चहा-बिस्किटावर भागवणारा गृहस्थ इथे पोहे, उपमा, इडली, छोले-पुरी, कलिंगड आणि जन्मात न खाल्लेले कॉर्नफ्लेक्स एकाच ताटलीत घेतो. पोहे घरच्यासारखे नाहीत, हे मत तिसऱ्यांदा वाढून घेताना व्यक्त होते. ऑम्लेटच्या रांगेत ताटल्या हातात धरून जी शिस्त पाळली जाते, ती एस.टी.च्या रांगेत कधी दिसत नाही. दहाला पाच कमी असताना मुलांना पुन्हा एकदा पिटाळले जाते आणि दोन उकडलेली अंडी कागदी रुमालात गुंडाळून वर जातात.

या व्यवस्थेत अडचण करतो तो समुद्रच. कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटी हवी, आणि ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. ती सकाळी नऊच्या आसपास आली की किल्ला आणि न्याहारी यांतून एक निवडावे लागते. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तरी हा किल्ला पडला नव्हता. छोले-पुरीपुढे तो दर रविवारी पडतो. आतला गणपती आणि गोड्या पाण्याची विहीर पुढच्या खेपेवर ढकलली जाते.

दुपारची सुरमई बहुतेक जण बाहेर खातात, कारण हॉटेलच्या मेनूकार्डावर माशांसमोर आकडा नसून ‘बाजारभावाप्रमाणे’ असे छापलेले असते. चेक-आउटला मुलगा वर जाऊन टॉवेल मोजून येतो. खाली तोवर पाण्याच्या बाटल्यांवरून वाद चालतो. हंगाम असेल तर परतीच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा गाडीत चढतात.

पावसाळ्यात समुद्र खवळला की कॅटामरान बंद होते, गर्दी ओसरते आणि भाडे उतरते. तेव्हा जायचे तर पेण-वडखळमार्गे रस्त्याने जावे आणि सी-व्ह्यूचे जादा पैसे देण्याआधी गॅलरीत उभे राहून पाहावे.