प्रांतपालांची स्वारी

रोटरीचा प्रांतपाल १ जुलैला खुर्चीवर बसतो आणि ३० जूनला उतरतो. तेवढ्यात प्रांतातल्या प्रत्येक क्लबला अधिकृत भेट द्यायची. क्लब शंभराच्या घरात असतील, तरी वर्षाचे आठवडे बावन्नच. साहजिकच साहेब बसतात कमी, फिरतात जास्त. भेटीचा हेतू क्लबचे काम पाहणे हा. प्रत्यक्षात क्लबचे त्या महिन्यातले सर्वांत मोठे काम म्हणजे ही भेट. जुलैत बसवलेले शाळेतले हात धुण्याचे नळ ऑक्टोबरपर्यंत फितीमागे कोरडे राहतात, कारण कात्री प्रांतपालांच्याच हाती शोभते. रोपही तेच लावणार. पावसाळा सरला तर सरला. मग संध्याकाळी शाल, श्रीफळ, ध्वजांची देवाणघेवाण आणि परिचय करून देणाऱ्याचाही परिचय.

समर्थक म्हणतात, भेटीच्या धाकाने थकलेली वर्गणी जमा होते, हिशेब लागतात. मान्य, फक्त हा धाक वर्षातून एकदाच येतो आणि आधी तारीख कळवून येतो. दुसरा दाखला पोलिओचा. तोही खोटा नाही: २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे रोटरीचा पैसा आणि माणसेही होती. पण ती मोहीम १९८५ पासून, दरसाल प्रांतपाल बदलत असतानाही, एकच ध्येय धरून चालली. एरवी नवा प्रांतपाल म्हणजे नवा संकल्प आणि नवा टाय. न कळवता जाऊन गेल्या वर्षीचा प्रकल्प पाहायला अर्धा तास पुरेल. पण फोटोग्राफर, स्वागताध्यक्ष आणि माजी प्रांतपालांना वगळून निघायचे कसे?