वहीवाले हेर

ग्रीसच्या पोलिसांच्या दक्षतेला द्यावी तेवढी दाद थोडीच. नोव्हेंबर २००१. कालामाता इथल्या हवाई तळाने लोकांना विमानं पाहायला आमंत्रण दिलं होतं आणि तिथे १४ जण चक्क विमानं पाहताना सापडले! १२ ब्रिटिश, २ डच. पुरावाही भक्कम : वह्या, आणि त्यांत सुवाच्य अक्षरात टिपलेले विमानांचे नंबर.

‘हा आमचा छंद आहे,’ असा बनाव त्यांनी रचला. पण रजा स्वतःची, खर्च स्वतःचा आणि हाती फक्त आकडे, असला छंद कोण करील? हेरगिरीत निदान पगार तरी मिळतो. एप्रिल २००२मध्ये आठ जणांना तीन वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या सहा जणांना साथ दिल्याबद्दल एक वर्षाची, निलंबित.

हे तत्त्व आता सर्वत्र राबवावं. रेल्वे फाटकाशी मालगाडीचे डबे मोजणारी पोरं ताब्यात घ्यावीत. येणाऱ्या बसची पाटी मोठ्याने वाचणाऱ्या आजोबांचे साथीदार शोधावेत. आकाशातल्या विमानाला हात हलवणारी बालकं नेमकी कुणाला खूण करतात, याचीही सखोल चौकशी व्हावी.

दुर्दैवाने नोव्हेंबर २००२मध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. नंबरांचं गुपित फोडणारा मुख्य आरोपी तर कधी पकडलाच गेला नाही. विमानांच्या शेपटीवर लांबून वाचता येतील एवढे मोठे नंबर रंगवणारा तो रंगारी अजून सरकारी नोकरीतच असेल.