रोहितसाठी काढलेली दाढ

माझी उजवीकडची खालची दाढ अगदी ठणठणीत आहे. तरीही 2025 च्या जानेवारीत, 23 तारखेच्या गुरुवारी, तिच्या नावावर रजा टाकून मी सकाळीच कुर्ल्याला उतरलो आणि शेअर रिक्षात चौथा बसून बीकेसीच्या मैदानावर पोचलो. रोहित शर्मा मुंबईकडून रणजी खेळणार होता. 2015 नंतर पहिल्यांदाच! आमच्या बोरिवलीचा मुलगा घरी येतोय आणि आपण ऑफिसात एक्सेलचे रकाने भरत बसायचं?

आता तो काही घरच्या ओढीने येत नव्हता, एवढं मलाही कळत होतं. ऑस्ट्रेलियात आपण 3-1 असा सपाटून मार खाल्ला होता. त्यात रोहितच्या पाच डावांत मिळून 31 धावा. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत तर तो स्वतःच बाहेर बसला. मग बीसीसीआयने 10 कलमी फर्मान काढलं आणि बड्याबड्यांना रणजीची आठवण झाली. थोडक्यात, परीक्षेत गचकलेल्या पोराला शिस्त लागावी म्हणून गावी आजोबांकडे धाडावं, तसा प्रकार. पण गावाला त्याचं काय! गाव हार घेऊन एसटी स्टँडवर हजर.

‘मुंबईचा राजा, रोहित शर्मा!’ हा गजर फाटकापासूनच ऐकू येत होता. ही पदवी खरं तर लालबागच्या गणेश गल्लीतल्या गणपतीची. पण देव मोठ्या मनाचा, चालवून घेतो. शिवाय तो न चुकता दरवर्षी येतो, त्यामुळे त्याला असुरक्षित वाटायचं कारण नाही.

जागा मिळाली ती एका काकांच्या शेजारी. डोक्यावर पांढरी टोपी, बुडाखाली घरून आणलेली उशी, मांडीवर डबा आणि हातात जुनी डायरी. तिच्यात ते बारीक अक्षरात एकेक चेंडू टिपत होते. आमच्या गर्दीकडे त्यांनी असं पाहिलं, की त्यांच्या रोजच्या बाकड्यावर कुणाचं तरी वऱ्हाड येऊन बसलंय.

“रणजी बघायला आलायस का रोहितला?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही,” मी म्हणालो.

“मग समोर गोलंदाजी कोण करतंय सांग.”

तेवढ्यात सरांचा फोन आला म्हणून वाचलो. कानावर हात धरून, पाठ मैदानाकडे करून, शक्य तितक्या सुजलेल्या आवाजात मी बोलू लागलो. “हॅवो थर…” आणि नेमकं त्याच क्षणी पाठीमागे शेकडो कंठांतून एकदम “आईगंऽऽ!” निघालं.

“हे काय रे?” सर.

“थर, आतल्या पेशंटची दाढ काढली.”

“एकाच वेळी किती जणांची काढली?”

वळून पाहिलं तर रोहित परत चालला होता. 19 चेंडू, 3 धावा. दहा वर्षं वाट पाहिली आणि नेमका तो चेंडू माझ्या पाठीने पाहिला. विकेट घेणारा जम्मू-काश्मीरचा उमर नझीर मीर हा पुलवामाचा, सव्वासहा फुटांच्या वर उंची; पण गडी हाताची घडी घातल्यासारखा गप्प! ना उडी, ना आरोळी. नंतर त्याने सांगितलं, की तो स्वतःच रोहितचा चाहता आहे, म्हणून जल्लोष केला नाही. म्हणजे मैदानावरच्या चाहत्यांत सगळ्यात सभ्य माणूस तोच निघाला. कारण आमच्या बाजूला लोक पिशव्या आवरू लागले होते.

“चला, घरी जाऊन हायलाइट्स बघू,” एक पोरगा म्हणाला.

“कशाचे? तीन धावांचे?” काकांनी डायरीतून मान न काढता विचारलं.

मुंबई 120 त आटोपली. त्यातल्या 51 एकट्या शार्दूल ठाकूरच्या. पण ते कोण बघतंय!

शुक्रवारी मी पुन्हा गेलो. रूट कॅनलला दुसरं सिटिंग लागतंच. रोहितने या खेपेला षटकार मारले, आम्ही घसे फोडले, आणि 28 वर तो झेल देऊन गेला. दोन डावांत 31. ऑस्ट्रेलियात एवढ्यासाठी पाच लागले होते, तेव्हा प्रगती आहेच. स्टँड पुन्हा रिकामा झाला. लग्नात जेवणं झाली की मंडप होतो तसा.

मुंबई 7 बाद 101. उरलो होतो मी, काका आणि ज्यांचे डबे उघडायचे बाकी होते ते. आणि शार्दूल पुन्हा खेळायला लागला. हाही रोहितसारखाच दिनेश लाडसरांचा चेला, शाळाही तीच. फरक एवढाच, की हा पालघरहून किटबॅग घेऊन लोकलने यायचा. दोन महिन्यांपूर्वी आयपीएलच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नव्हतं. घरात एक मुलगा असतो बघा, सिलिंडर लावणारा, लाइटबिल भरणारा, त्याच्या फोटोला अल्बममध्ये जागा नसते. त्याने तनुष कोटियनला हाताशी धरलं आणि संध्याकाळपर्यंत शतक ठोकलं. काकांनी डब्यातलं अर्धं थालीपीठ मोडून माझ्यापुढे धरलं, मग हात मागे घेतला.

“पण तुझी दाढ…?”

“राहिली,” मी म्हणालो, आणि थालीपीठ खाल्लं.

शनिवारी रजेची गरज नव्हती. 42 वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला, तीही गतविजेती, जम्मू-काश्मीरने 5 विकेट राखून हरवलं. काकांना नवल वाटलं नाही. 2014 ला वानखेडेवरही ह्यांनीच हरवलं होतं, ते म्हणाले, “तेव्हा मी होतो. बघणाऱ्यांपेक्षा खेळणारेच जास्त होते.” डायरी मिटून, उशी काखेत मारून ते निघाले.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर गुरुवारच्या गर्दीचा छापील फोटो होता. त्यात मधोमध, दोन्ही हात वर करून, आ वासून ओरडणारा मी. सरांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

“दाढा तर सगळ्या जागेवर दिसतायत,” ते म्हणाले.

दोन्ही दिवस बिनपगारी झाले.